बुंदीचा पाहुणचार

वऱ्हाडी माणसाला प्रेम दाखवायचं म्हटलं की ताटाशिवाय दुसरं काही सुचत नाही. पाहुणा आला की त्याला इतकं खाऊ घालायचं, की उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला पाहिजे. लेक माहेरी आली की जाताना भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, आईबापानं हिला नुसतं पाणी पाजून पाठवलं. किशोर गावंडे याच मातीतला. त्याच्या घरी आठ दिवसांसाठी एक ससा आणि एक गिनीपिग पाहुणे म्हणून आले, आणि सगळं तिथंच बिनसलं.

पाहुणे त्याच्या लेकीचे होते. रागिणी अकरा वर्षांची, आईजवळ अमरावतीला राहायची. किशोर अकोटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझर होता. घरी म्हातारी आई पार्वताबाई आणि दावणीला एक म्हैस. फारकत होऊन चार वर्षं झाली होती. महिन्यातून दोनदा रविवारी तो एस्टीनं अमरावतीला जायचा, लेकीबरोबर बागेत बसायचा, तिला कचोरी खाऊ घालायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. चार वर्षांत रागिणी एकदाही अकोटला राहायला आली नव्हती.

किशोर दारू प्यायचा नाही, हात उचलायचा नाही. मग बायको, मंजुषा, गेली कशाला, असं अर्धं गाव विचारायचं. कारण सांगायला लहान होतं. तिला बी.एड. करायचं होतं. फॉर्म भरून तिनं तो कॉलेजात द्यायला किशोरजवळ दिला. किशोर विसरला, तारीख गेली. माणूस आहे, विसरतो. पण हा गडी पुढे दोन महिने रोज तिला सांगत राहिला, यादी अजून लागली नाही, लागेल लवकरच. तिनं स्वतः जाऊन चौकशी केली तेव्हा क्लार्कनं रजिस्टर उघडून दाखवलं. मंजुषानं फॉर्म विसरल्याचं माफ केलं असतं. रोज संध्याकाळी तिच्या तोंडाकडे बघून तो यादीचं सांगायचा, ते तिला माफ करता आलं नाही. किशोरला मात्र आजही वाटायचं, आपण तिला दुःख होऊ नये म्हणून तसं बोललो.

डिसेंबरात मंजुषाच्या भावाचं लग्न निघालं. लग्न वलगावला, तिच्या माहेरी. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात दोन कुत्री. ससा आणि गिनीपिग कुठं ठेवायचे हा प्रश्न रागिणीनंच सोडवला.

"बाबांकडे ठेवू. त्यांच्याकडे म्हैस आहे. त्यांना जनावराचं कळतं."

मंजुषानं बराच विचार केला. मग तिनं किशोरला फोन लावला आणि सरळ सांगितलं, "हे आठ दिवस नीट गेले तर उन्हाळ्यात पंधरा दिवस रागिणीला अकोटला पाठवते. ती कधीची मागं लागली आहे. पण तिनं सांगितलंय तसंच करा. आपलं डोकं चालवू नका."

पंधरा दिवस. किशोरनं त्याच दिवशी मालकाची बोलेरो मागून घेतली.

रागिणीनं दोन पिंजरे, दोन पोती गवत आणि एक चौकटीचा कागद त्याच्या स्वाधीन केला. ससा पांढरा, त्याचं नाव पोहा. गिनीपिग पिवळट तपकिरी, ती बुंदी. गवत रागिणीनं स्वतः वाळवलं होतं. वलगावच्या मामाच्या शेताच्या धुऱ्यावरचं मारवेल गवत कापून आणायचं, गच्चीवर पसरायचं, दिवसातून दोनदा उलथायचं, दव पडायच्या आधी गोळा करायचं. अख्खी दिवाळीची सुट्टी तिनं त्यात घातली होती. पोत्याचं तोंड सोडलं की हिरवा, गोडसर वास यायचा.

"बाबा, गवत म्हणजे यांचं जेवण," ती कागदावर बोट ठेवून सांगत होती. "कधीच संपू द्यायचं नाही. यांचे दात जन्मभर वाढतात, गवत चावूनच झिजतात. आणि पोट सारखं चालू राहावं लागतं. सकाळी कोथिंबीर, मेथी, मूठभरच. बुंदीला रोज ढोबळी मिरचीची एक फोड, नाहीतर अर्धा आवळा. आपल्यासारखंच तिला क जीवनसत्त्व बाहेरून लागतं. गाजर म्हणजे यांची मिठाई, आठवड्यातून एक चकती. पोळी, बिस्किट, डाळ, शेंगदाणे, गूळ, काहीच नाही. एक घाससुद्धा नाही. आणि बारा तास खाल्लं नाही तर लगेच मला फोन. लगेच म्हणजे लगेच."

किशोर मान हलवत होता. एवढीशी पोर डॉक्टरासारखी बोलते म्हणून त्याचा ऊर भरून आला होता, त्यामुळे ती काय बोलते याकडे त्याचं अर्धंच लक्ष होतं. "मोठी होऊन मी यांचीच डॉक्टर होणार आहे," असंही ती म्हणाली. तेवढं त्यानं नीट ऐकलं आणि जिनिंगमध्ये दहा जणांना सांगितलं.

पहिले तीन दिवस त्यानं कागदाबरहुकूम केलं. रोज संध्याकाळी साडेसहाला रागिणीचा फोन यायचा. आजवर लेक फोनवर "बरी आहे, जेवली, ठेवू का" यापलीकडे बोलत नसे. आता ती पंधरा-पंधरा मिनिटं बोलायची. पोह्यानं किती खाल्लं, बुंदी शिट्ट्या मारते का, लेंड्या सुक्या आहेत का. किशोरला लेंड्यांबद्दल बोलतानाही सुख वाटत होतं. साडेसहाच्या आधी तो हातपाय धुऊन खाटेवर येऊन बसायचा.

पण मनात एक किडा वळवळत होता. हे कसलं जेवण? नुसतं वाळलं गवत. दावणीची म्हैस सकाळ-संध्याकाळ भिजवलेली ढेप, म्हणजे सरकीची पेंड खाते, तिच्या अंगावर हात ठेवला तर घसरतो. आणि लेकीनं विश्वासानं पाठवलेले पाहुणे काड्या चावत बसलेत. त्यानं बुंदीला हातात घेतलं तर बोटांना बरगड्या लागल्या. जिनिंगमधल्या बुधाजी हमालानं तर तोंडावरच म्हटलं, "गावंडे भाऊ, सरकीच्या ढिगावर बसून तुमी पोरीचं जनावर उपाशी माराले लागले काय?"

बुधाजी थट्टेनं बोलला होता. किशोरला ते लागलं.

चौथ्या दिवशी सकाळी म्हशीची ढेप भिजली होती. त्यातली त्यानं मूठभर काढली, चिमूटभर गूळ कुस्करला आणि दोन वाट्या दोन पिंजऱ्यांत ठेवल्या. पोह्यानं वास घेतला आणि पाठ फिरवली. बुंदी तुटून पडली.

"काय करून राहिला रे?" पार्वताबाईनं विचारलं.

"थोडी ताकद येईन तिले."

"पोरीनं तं नाई सांगतलं ना."

"कागदावर ढेपीचं नाव कुठी हाय? वाचून पाय."

म्हातारीला वाचता येत नव्हतं. आणि खरंच, कागदावर ढेप नव्हती. सातव्या वर्षापासून अमरावतीच्या फ्लॅटात वाढलेल्या पोरीला ढेप आठवायचं कारण नव्हतं. गुळाचं नाव होतं, पण चिमूटभर गूळ म्हणजे काय गूळ झाला? स्वतःची समजूत घालण्यात किशोरचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

संध्याकाळी फोन आला तेव्हा तो म्हणाला, "गवत खाल्लं. मिरची खाल्ली. सगळं तू लिवलं तसंच."

पुढच्या दिवशी त्यानं ढेप वाढवली. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर बुंदीला ठेवून आला. रागिणीनं आठशे वीस ग्रॅम लिहून दिलं होतं, काटा आठशे ऐंशीवर गेला. किशोर हरखला. लेक पिंजऱ्यातून बुंदीला उचलेल, तिच्या हाताला वजन कळेल आणि ती आईकडे बघेल, हे त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. बुंदीनं गवताला तोंड लावणं सोडलं होतं, तेही त्याला चांगलंच वाटलं. ज्याला पक्वान्न मिळतं तो भाकर कशाला खाईल?

सहाव्या दिवशी सकाळी बुंदी कोपऱ्यात पाठ करून बसली होती. केस उभे, शिट्टी नाही. वाटी तशीच. पोट हाताला टणक लागत होतं. किशोरनं गवत पुढं केलं, तिनं तोंड फिरवलं. मिरची ठेवली, ती दुपारपर्यंत सुकली. बारा तास झाले. फोन करायचा होता. पण फोन केला असता तर ती पहिला प्रश्न विचारणार होती, काय खाल्लं होतं? अन् संध्याकाळी तिचाच फोन आला.

"बुंदी कशी आहे?"

"मस्त हाय. आत्ताच खाऊन झोपली."

"शिट्टी ऐकवा ना."

"झोपली म्हणून सांगतलं ना वं माय. उद्या ऐकवतो."

खाटेच्या दुसऱ्या टोकाला पार्वताबाई वाती वळत बसली होती. तिनं लेकाकडे पाहिलं आणि पुन्हा कापूस ओढायला लागली.

सातव्या दिवशी बुंदी आडवी पडली. तेव्हा मात्र किशोरचं पाणी झालं. बोलेरो काढली, पिंजरा आईच्या मांडीवर दिला आणि अकोल्याला लहान जनावरांच्या दवाखान्यात आला. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं बुंदीला टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, कानाला नळ्या लावून ऐकलं.

"वय किती? आधी काही आजार, काही औषध?"

किशोरला यातलं काहीच माहीत नव्हतं. रागिणीला विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यानं फोन लावला, डॉक्टरनं तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. वलगावला हळद चालू होती, मागं डफडं वाजत होतं. रागिणीनं वय सांगितलं, वजन सांगितलं, सोबत ससा आहे ते सांगितलं, मागच्या वर्षी वाढलेले दात घासून घेतले होते ते सांगितलं. त्यात काही चुकलं नाही.

मग डॉक्टर किशोरकडे वळली. "या दिवसांत खायला काय काय दिलं?"

टेबलावर फोन चालू होता. डफडं थांबलं होतं. पोर घरात कुठंतरी कोपऱ्यात गेली असावी. तिचा श्वास ऐकू येत होता.

"गवत," किशोर म्हणाला. "आन थे मिरची. कोथिंबीर."

"धान्य, पोळी, ढेप, गूळ? आठवून सांगा. असं पोट बहुधा जड खाण्यानंच फुगतं. ढेप म्हशीला पचते, यांना विष आहे. दिली असेल तर मला वेगळं औषध द्यावं लागेल."

पार्वताबाईनं तोंड उघडलं. किशोरनं टेबलाखाली तिचा हात दाबला, चांगला जोरात दाबला.

"नाई. गवतच."

मी हा प्रसंग कितीही वेळा डोळ्यांसमोर आणला तरी मला त्या माणसाची कीव येत नाही. लाज वाटली, भीती वाटली, लेक ऐकत होती, सगळं खरं. पण टेबलावर जीव पडला होता आणि एका शब्दाचा प्रश्न होता. बाहेर जाऊन डॉक्टरच्या कानात सांगायलाही त्याला कोणी अडवलं नव्हतं.

डॉक्टर विचारात पडली. "मग गवतच बाधलं असणार. ओलसर राहिलं असेल, आतून बुरशी धरली असेल. कुठून आणलं?"

फोनमधून आवाज आला, "मी दिलं. मीच वाळवलं होतं."

"एखाद्या वेळी नीट वाळलं नसेल बेटा. होतं असं." डॉक्टर मायेनंच बोलली. "ते गवत आजपासून बंद करा. सशाच्या तोंडी अजून बुरशीची काडी आली नसेल, पण त्यालाही देऊ नका." तिनं बुरशीच्या विषबाधेवरचं इंजेक्शन दिलं, एक बाटली लिहून दिली.

परतीच्या वाटेवर चोहोट्टा बाजार गाव मागं पडलं आणि पार्वताबाई म्हणाली, "गाडी थांबव."

बुंदी गेली होती. म्हातारीनं तिच्यावर पदर टाकला.

"काहून खोटं बोलला रे? ढेपीचं सांगाले जीभ झडली असती काय तुही?"

"पोरगी आयकून राहिली होती."

"आता थे पोरगी काय समजन?"

किशोरनं गिअर टाकला. उत्तर त्याला माहीत होतं: पोर स्वतःला दोष देणार, बापाला नाही. त्यातलं निम्मं त्याला नको होतं, निम्मं हवं होतं. हेच त्याच्यातलं सगळ्यात वाईट.

लग्न उरकल्यावर दुसऱ्या दिवशी मायलेकी गाडी करून अकोटला आल्या. रागिणीच्या हातांवर मेंदी होती. ती सरळ मागच्या अंगणात गेली, बुंदीला पुरलं होतं तिथं उभी राहिली आणि परत आली. रडून झालेलं होतं. चेहरा एकदम मोठ्या बाईचा दिसत होता.

मंजुषा ओसरीवरच उभी होती. चहाला तिनं नको म्हटलं.

"खरंच फक्त गवतच दिलं होतं?" तिनं किशोरला विचारलं. आवाज चढला नव्हता. तेव्हा कॉलेजातल्या क्लार्ककडून आल्यावरही तिनं असंच विचारलं होतं.

किशोरनं तोंड उघडायच्या आत रागिणी पुढं आली. "आई, तू नेहमी बाबांवरच संशय घेतेस. डॉक्टरांनी सांगितलं ना? बाबांनी मी लिहिलं तसंच केलं. रोज मला फोनवर सांगत होते. माझंच गवत खराब होतं. बाबांनी तिला अकोल्यापर्यंत नेलं." मग ती बापाकडे वळली. "बाबा, सॉरी. तुम्हाला उगाच त्रास झाला."

लेक बापाची माफी मागत होती. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण लेकरांना शिकवतो. किशोरच्या अंगणात भर अकरा वाजताही उजाडलं नाही. तो म्हणाला, "जाऊ दे वं माय. होते असं कधी कधी."

मंजुषा त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, असं मला वाटतं. पण पोरीच्या तोंडावर, पोरीनंच धरलेली ढाल फोडायची कशी? फोडली असती तर पोरीनं बापाला नाही, आईलाच दोष दिला असता.

"गवत कुठं आहे?" रागिणीनं विचारलं.

दोन्ही पोती गोठ्याच्या वळचणीला होती. एक तर अजून पूर्ण भरलेलं. रागिणीनं ती एकटीनं ओढत अंगणाच्या मध्यावर आणली, दोरी सोडली आणि उपडी केली. वास सुटला. हिरवं, कोरडं, हातात घेतलं तर खुळखुळ वाजेल असं मारवेल. त्याला बुरशी कुठं लागली होती, ते देवालाही सापडलं नसतं. काल पार्वताबाईनं त्यातली एक पेंढी म्हशीपुढं टाकली होती, म्हशीनं शेवटची काडीसुद्धा चाटून खाल्ली होती.

"मी हे जाळणार आहे," रागिणी म्हणाली. "दुसऱ्या कोणी खाल्लं तर?"

पार्वताबाई खाटेवरून उठली. "नको वं माय जाळू. चांगलं हाय थे. म्हशीले होईन."

"नको आजी. म्हशीला पण काही झालं तर?"

म्हातारी लेकाकडे बघायला लागली. मग पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

"बाबा, काडी आहे का? मला भीती वाटते. तुम्ही पेटवता?"

किशोरच्या खिशात काडेपेटी नव्हती. त्यानं चुलीजवळून आणली. पहिली काडी विझली. दुसरी त्यानं ओंजळीत धरली आणि गवताच्या कडेला लावली. वाळलेलं गवत ते, तडतडलं आणि माणसाएवढी ज्वाळा उठली. बुरशीचं ओलं गवत नुसतं धुमसतं, धूर करतं. हे साजूक तुपाच्या दिव्यासारखं स्वच्छ जळालं. वऱ्हाडातलं कुठलंही शेतकऱ्याचं पोर हे पाहून ओळखेल. रागिणी अमरावतीची, तिला ते कळलं नाही. मंजुषा वलगावची. तिनं मान दुसरीकडे फिरवली.

पाच मिनिटांत सगळं संपलं. दिवाळीच्या सुट्टीची मूठभर राख झाली.

निघताना रागिणीनं पोह्याचा पिंजरा उचलला, दारापर्यंत नेला आणि थांबली.

"आई, तू म्हणाली होतीस ना, बाबांनी नीट सांभाळलं तर उन्हाळ्यात पाठवीन म्हणून. बाबांचं काहीच चुकलं नाही. मी येणार पंधरा दिवस."

मंजुषा किशोरकडे बघत होती. आताही तो बोलला असता तर चाललं असतं. पोर रडली असती, चिडली असती, कदाचित वर्षभर त्याच्याशी बोलली नसती. पण ती घरी हलकी होऊन गेली असती.

"येजो," किशोर म्हणाला. "मी सोता घ्याले येईन."

रागिणीनं मान डोलावली. मग पिंजरा त्याच्यापुढं धरला.

"याला तुमच्याकडेच ठेवा बाबा. काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. मला नाही जमत खाऊ घालायला."

किशोरनं पिंजरा घेतला.